बावीस पावलं

घारकड्यावर अकरा वर्षं ताक विकूनही सगुणाबाईंनी दरी पाहिली नव्हती. पुण्यामुंबईची माणसं पाली गावातून दोन तास घाम गाळत वर यायची, काठाजवळ गेली की गप्प व्हायची. बाई मात्र हिरड्याच्या झाडाखाली दरीकडे पाठ करून बसलेल्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, दरी काय पळून जाते होय, बघू कधीतरी.

खरं कारण वेगळं होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी त्यांची कपिली गाय इथेच चरता चरता गेली. भादव्यात इथलं गवत कमरेएवढं वाढतं आणि कड्याबाहेर झुकतं. पाहणाऱ्याला वाटतं जमीन अजून दोन हात पुढे आहे, आणि तिथे जमीन नसतेच. कपिली त्या गवतात शिरली, गवत हललं, पुन्हा सरळ उभं राहिलं, आणि गाय नव्हती. तेव्हापासून बाईंनी त्या बाजूला तोंड केलं नाही.

त्यांच्या नवऱ्याचा, चिमाजींचा, जीव मात्र त्या काठावरच. दरवर्षी घट बसायच्या आधी काठापासून पाच पावलं आत दगड मांडायचे आणि त्यांना चुना फासायचा, ही त्यांच्या वडिलांची रीत. गुराख्यांना कळावं, इथपर्यंत आपलं, पुढचं दरीचं. गुराखी कमी झाले, ट्रेकवाले वाढले, रीत तीच राहिली. जागाही ठरलेली होती. हिरड्यापासून बावीस पावलांवर मधला दगड, मग त्याच्या दोन्ही अंगांना बाकीचे. संध्याकाळी घरी आले की चिमाजी बायकोला दरी सांगायचे, ऊन कुठवर आलं होतं, धुकं कसं उतरलं. भाकरी थापता थापता बाई ऐकायच्या. त्यांना तेवढी दरी पुरत होती.

यंदा श्रावणात वर कुठेतरी दरड कोसळल्याचा आवाज गावाने ऐकला आणि दोन दिवसांत विसरून गेलं. चिमाजींनी नेहमीप्रमाणे दगड मांडले, चुना फासला.

नवरात्रातल्या रविवारी लाल टोपी घातलेली एक मुलगी वर आली. ताक भरून ठेवा, फोटो काढून येते, म्हणाली. बाईंनी ग्लास भरला आणि तो द्यायला नाइलाजाने मान वळवली. मुलगी मधल्या पांढऱ्या दगडाशेजारी दरीकडे पाठ करून, मोबाईल उंच धरून हसत उभी होती. तिच्या टाचेखालून मातीचं एक ढेकूळ सुटलं. गवत हललं आणि पुन्हा सरळ उभं राहिलं.

काठावरच्या माणसावर ओरडायचं नाही, हे पालीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओरडलं की माणूस दचकून वळतं आणि वळताना पाय चुकतो. त्याला काहीतरी घ्यायला आत बोलवायचं असतं. बाईंनी आवाज कापू दिला नाही.

“पोरी, ताक गार हाय तवर पिऊन घे. फोटू मग काढ.”

मुलगी हिरड्याखाली आली, ताक प्यायली. बाईंनी तिचं मनगट जे धरलं ते सोडेचनात. माती कशी सुटली ते त्यांनी सांगितलं, तेव्हा ती पांढरी पडली.

“पण आजी, मी दगडाच्या आतच होते,” ती म्हणाली. “गावात सगळे म्हणाले, पांढऱ्या दगडाच्या आत काही भीती नाही.”

सावलीला बांधलेलं जुनं लुगडं सोडून बाईंनी ते करवंदीच्या दोन जाळ्यांमध्ये आडवं बांधलं आणि त्या दिवशी एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. लोक कुरकुरले. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

उतरताना त्यांना एकेक उलगडत गेलं. कडा ढासळून आत आला होता, आणि दगड जुन्याच बावीस पावलांवर बसले होते. डोळे शाबूत असलेल्या माणसाने तो दगड तिथे ठेवलाच नसता. म्हणजे चिमाजींनी फक्त पावलं मोजली होती. चहाच्या कपाकडे त्यांचा हात चाचपडत जायचा तो म्हातारपणाने नव्हे. आणि गेल्या वर्षभरात संध्याकाळची दरी रोज तीच असायची, तेच ऊन, तेच धुकं. वेल्ह्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, तेव्हा सुगी झाली की बघू म्हणून यांनी विषय मिटवला होता. बाईंना आधी राग आला. मग त्या अंदाजाने चालणाऱ्या पायांची इतकी माया आली की पायवाटेवरच बसावं लागलं.

घरी जाऊन त्या ओरडल्या नाहीत. हाही माणूस काठावरच उभा होता.

सोमवारी सकाळी त्या म्हणाल्या, “अवं, यंदा मला कडा दावा.”

चिमाजींना लग्नातल्यासारखा आनंद झाला. धुतलेलं धोतर नेसून निघाले. हिरड्यापासून बायकोचा हात धरून मोठ्या ऐटीत पावलं मोजू लागले. पंधराव्या पावलाला बाईंनी हात मागे ओढला, पाय लटपटतात म्हणाल्या, आणि दोघं तिथेच गवतात बसली. एवढं धाडस करून आलेल्या बाईंनी ऐनवेळी डोळे गच्च मिटून घेतले.

चिमाजी सांगत सुटले. समोर तोरणा, खाली कानंदी नदी, वेल्ह्याला चाललेली एसटी काडेपेटीएवढी.

“बघितलंस?”

“व्हय. लई झकास.”

चिमाजी हसले. “तू डोळं मिटल्यात. पयल्यांदा कडा बघणारं माणूस असं पटकन झकास म्हणत न्हाई.”

“तुमाला दिसलं का, म्या मिटल्यात ते?”

कड्यावर दोघं बसलेली आणि बघणारं कुणीच नाही. वारा येत राहिला.

“न्हाई,” चिमाजी म्हणाले. “तुझं त्वांड बी दिसत न्हाई नीट. डोळं कापायला दिलं आन हाय तेवढा उजेड बी गेला तर? म्हून बोललो न्हाई.”

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरला आणि दगडांचं सांगितलं. चिमाजींनी आधी एकच विचारलं, कुणी गेलं नाही ना. मुलगी सुखरूप घरी गेल्याचं बाईंनी दोनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. मग ते रडले, अगदी लहान पोरासारखे, धोतराच्या सोग्यात तोंड खुपसून.

आता कुणीतरी बघायला हवं होतं. सगुणाबाईंनी डोळे उघडले.

त्यानंतरचं काम पालीत अजून कुणाला ठाऊक नाही. बाई पोटावर पालथ्या पडल्या, आणि चिमाजींनी त्यांचे दोन्ही घोटे धरून ठेवले. लांब काठीने बाईंनी फसवे झालेले दगड एकेक करून दरीत लोटले. खाली नुसतं रान, वाट नाही. तरी प्रत्येक दगडाआधी त्या नीट पाहून घ्यायच्या. मग सतराव्या पावलावर नवे दगड बसले. उचलले चिमाजींनी, जागा दाखवली बाईंनी, चुना दोघांनी फासला.

दुपारी त्या हिरड्याखाली दरीकडे तोंड करून बसल्या.

“काय दिसतंय?” चिमाजींनी विचारलं.

बाई सांगू लागल्या. खाचरांत भात पिवळा पडायला लागला आहे. नदी मध्येच चमकते, मध्येच झाडांत जाते. घार आपल्या खाली उडते आहे, तिची पाठ दिसते. घारीची पाठ आपण जन्मात पहिल्यांदा बघितली, असं म्हणाल्या. अकरा वर्षं हे सगळं पाठीमागे होतं.

“आन तोरण्याच्या अंगाला?”

बाईंनी तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

“ते सांगणार न्हाई. गुरुवारी आपल्या गोरखचा टेम्पो वेल्ह्याला चाललाय. त्यात बसायचं, डोळं करून यायचं, आन हितं बसून तुमी मला सांगायचं.”

चिमाजींनी कुरकुर केली, अजून सुगी व्हायची आहे म्हणाले. मग विचारलं, टेम्पो किती वाजता निघतो.