सुईचं टोक

पिशवी सकाळी खारूबरोबर पाळणाघरात गेली आणि दुपारी शिवणआजींच्या लक्षात आलं, की सुईचं टोक सापडलेलंच नाही.

खारू ही त्यांच्या नवऱ्याची नात. कॉलर, उशीचा कोपरा, बाहुलीचा पाय, जे हाती लागेल ते कुरतडत बसायची, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणत. ‘शिवणआजी’ हे नाव खारूनेच ठेवलेलं. सख्खी आजी ती जन्मायच्या आधीच गेली होती. आजोबांनी बस चालवायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे दुसरं लग्न केलं. त्यांची मुलगी, म्हणजे खारूची आई, लग्नाला आली, जेवली आणि गेली. तिने कधी भांडण काढलं नाही की वाकडा शब्द काढला नाही. पण नव्या बाईंना तिने आजवर कुठलीच हाक मारली नव्हती. ‘अहो, बाबा आहेत का?’ एवढ्यावर काम भागायचं. शिवणआजीही तिला अहो-जाहो करत. ओल्या फरशीवरून चालावं तशा दोघी एकमेकींशी जपून बोलत.

म्हणूनच तिचा फोन आला तेव्हा शिवणआजींचा विश्वास बसेना. पाळणाघरात दुपारी झोपायची चादर आणि बदलायचे कपडे ठेवायला पिशवी हवी होती. विकतची आणली, तर खारूने तिची चेन चावून वाकडी केली. तुम्हाला जमेल का, असं तिने विचारलं, तेही अडखळत. शिवणआजींची हयात पडद्यांच्या दुकानात मशीन चालवण्यात गेलेली. जमेल का म्हणजे काय!

त्यांनी पिवळं, पांढऱ्या ठिपक्यांचं सुती कापड काढलं. अस्तराला धुऊन धुऊन मऊ झालेली चादर घेतली आणि दोन्हींच्या मध्ये फायबरचा पातळ थर घातला. तिन्ही थर कच्च्या टाक्यांनी धरले, खडूने तिरप्या रेघा आखल्या आणि त्या रेघांवरून मशीन मारली. कापड चौकटीचौकटीत फुगून आलं. गाल टेकला तर उशीच. बुडाला गोल तुकडा जोडला, वर नेफा केला, त्यात जाड सुताची नाडी ओवली. नाडीच्या टोकांना मणी लावायचा मोह झाला होता, पण खारू ते गिळून बसेल म्हणून नुसत्या गाठी मारल्या. सगळ्यात शेवटी हातात धरायचा बंद. पोरीला आपली पिशवी आपणच धरता यावी म्हणून तोही आत फायबर घालून गुबगुबीत केला.

बंद नेफ्याशी जोडताना थरांवर थर आले होते. मशीन कुरकुरली, त्यांनी पाय दाबला आणि टक् आवाज होऊन सुई तुटली. मशीनच्या पट्टीजवळ तुकडा पडलेला दिसला. तो त्यांनी डबीच्या झाकणात टाकला, नवी सुई बसवली आणि बंद पुरा केला. सकाळी खारूला पाळणाघरात सोडून कामावर जायचं म्हणून जावई येऊन पिशवी घेऊन गेला.

दुपारी मशीन पुसताना त्यांनी तो तुकडा सहज नव्या सुईशेजारी धरला. मशीनच्या सुईचं भोक टोकाजवळ असतं. सुई एकदा वर दांड्यापाशी आणि एकदा तिथेच, भोकात मोडली होती. झाकणात होता तो मधला तुकडा. भोकाखालचं टोक, तांदळाच्या कणीएवढं आणि सगळ्यात अणकुचीदार, कुठेच नव्हतं.

त्यांनी मशीन उलटी केली, फरशीवर हात फिरवला, कोपऱ्यातला केर वर्तमानपत्रावर पसरून पाहिला, अंगावरचे कपडे झटकले. नवरा दारात उभा राहून बघत होता. काय झालं ते ऐकून तो म्हणाला, की गेलं असेल केरात, एवढ्याशा तुकड्यासाठी सगळ्यांना कशाला घाबरवायचं. मग आवाज खाली आणून म्हणाला, “इतक्या दिवसांनी तिने तुला काहीतरी करायला सांगितलं. आणि तू पहिल्याच कामात सुई सोडलीस, असं सांगणार?”

शिवणआजींच्याही मनात नेमकं तेच घोळत होतं. त्यांनी तुटका तुकडा कागदात गुंडाळला, छोटी कात्री घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

बस येता येईना. दोनदा रस्त्याच्या टोकापर्यंत मान लांब करून पाहिलं आणि मग त्या चालायलाच लागल्या. सायकल दुरुस्तीचं दुकान, औषधांचं दुकान, पाण्याची टाकी, सगळं नेहमीपेक्षा लांब लांब गेल्यासारखं वाटत होतं. मुलं आता जेवून झोपली असतील. खारू काही तोंडात धरल्याशिवाय झोपत नाही, हे आख्ख्या घराला ठाऊक होतं. आणि धरायला सगळ्यात सोयीचं काय, तर तो गुबगुबीत बंद. आपणच तो तिच्या मुठीच्या मापाने शिवला. चालता चालता त्यांचा गुडघा दुखायला लागला, पण थांबायची हिंमत होईना.

पाळणाघर एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दाराशी छोटे छोटे बूट ओळीने लावलेले, आत पडदे ओढलेले. तिथल्या ताईंनी दार अर्धवट उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. शिवणआजींनी धापा टाकत खारूची पिशवी मागितली. कशाला, असं ताईंनी विचारलं. इथे त्यांची जीभ वळली नाही. “थोडं शिवायचं राहिलंय,” एवढंच तोंडातून निघालं.

ताईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुम्ही तिच्या कोण?”

“ती मला शिवणआजी म्हणते.”

“म्हणजे आईची आई?”

“नाही.”

“मग बाबांची आई?”

“तेही नाही.”

ताईंचा चेहरा कडक झाला. मुलांचं काहीही अनोळखी माणसाच्या हाती देत नाही, शिवाय पोरगी त्या पिशवीवरच झोपली आहे, संध्याकाळी या, असं त्या म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतंच. शिवणआजींनी निदान तिच्या आईला फोन लावा म्हणून गळ घातली. खारूची आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ताईंनी चार शब्द बोलून फोन शिवणआजींकडे दिला.

पलीकडून शांत आवाज आला. बाबांचा आत्ताच फोन येऊन गेला होता. बाईंना उगाच कसली तरी काळजी लागली आहे, तिकडे आल्या तर मनावर घेऊ नकोस, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. “आपण संध्याकाळी बघू ना,” ती म्हणाली. “झोपलीय ती. उठवली की रडून घर डोक्यावर घेते.”

हो म्हणून घरी जाणं किती सोपं होतं. सगळ्यांनाच तेच हवं होतं. शिवणआजींनी भिंतीला हात टेकला.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून मशीनची सुई तुटली आणि तिचं टोक मला सापडलेलं नाही. ते पिशवीत असणार. तू आत्ता या ताईंना सांग, पिशवी तिच्या तोंडापासून लांब घ्या म्हणून. मला नंतर काय बोलायचं ते बोल.”

पलीकडून आवाज आला, “फोन ताईंना द्या.”

ताईंनी ऐकलं आणि त्या आत पळाल्या. अर्ध्या उघड्या दारातून शिवणआजींना खोलीचा तुकडा दिसत होता. ओळीने गाद्या आणि शेवटच्या गादीवर खारू. पिवळी पिशवी गालाखाली होती आणि बंदाचं टोक थेट तोंडात. ताईंनी हळूच ओढून पाहिलं. पोरीने झोपेतच दात आवळले. ताईंनी गाल दाबून ते सोडवलं आणि खारूने असा काही टाहो फोडला, की सगळी खोली उठून बसली. ताई तिला उचलून खिडकीपाशी घेऊन गेल्या. तिचं तोंड उघडून त्यांनी हिरड्यांवरून, जिभेखालून बोट फिरवलं. शिवणआजी दारातच उभ्या होत्या. आत जायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

“काही दिसत नाही,” ताई म्हणाल्या. “रक्त नाही.”

पण बंदाचं टोक ओलं गच्च होतं, आणि दिसत नाही म्हणजे नाहीच असं थोडंच.

खारूची आई पांढऱ्या कोटातच आली. आधी तिने लेकीचं तोंड पाहिलं, मग परत पाहिलं, मग पाणी पाजून तिला गिळायला लावलं. शिवणआजींकडे तिने मान वळवली नाही. मुलांच्या बुटक्या टेबलाशी, बुटक्या खुर्च्यांवर दोघी समोरासमोर बसल्या आणि शिवणआजींनी बंदाची शिवण उसवायला घेतली. टाका न् टाका त्यांनीच मजबुतीसाठी दुहेरी मारलेला. कात्रीचं टोक दोऱ्याखाली जाता जात नव्हतं. बंद सुटला. आतलं फायबर बाहेर काढून त्यांनी बोटांनी पिंजून पाहिलं. काही नव्हतं.

“नाहीये,” खारूची आई म्हणाली. “मग हिच्या पोटात गेलंय. मी हिला डॉक्टरकडे नेते.”

“नेफा राहिलाय. थोडं थांब.”

“किती थांबू?”

शिवणआजींनी नेफा उसवायला घेतला. तेवढ्यात ताईंना काय सुचलं, त्यांनी भिंतीवरच्या पत्र्याच्या फळ्यावरून लोहचुंबकाचं एक अक्षर काढून आणलं. ते बंदावरून फिरवलं, काही नाही. फायबरवरून, नाही. नाडीच्या गाठींवरून, नाही. मग शिवणआजींनी उसवलेल्या नेफ्याची आतली बाजू पालथी केली, तिथे जोडाच्या खालच्या चौकटीत, फायबर आणि अस्तराच्या मध्ये, काहीतरी बोटाला बोचलं. तिथे चुंबक धरताच बारीकसा टिक् आवाज आला. चुंबकावर काळसर कणी चिकटली होती.

शिवणआजींनी कागद उघडून मधला तुकडा टेबलावर ठेवला. खारूच्या आईने ती कणी त्याला भिडवून पाहिली. तुटलेल्या भोकाच्या दोन्ही बाजू बरोबर जुळल्या. आणखी काही राहिलेलं नव्हतं. तिने दोन्ही हातांत तोंड धरलं.

मग तिने विचारलं, “तुम्ही आल्या आल्या ताईंना शिवायचं राहिलंय असं का सांगितलंत?”

“खरं सांगायला तोंड झालं नाही.”

“तेवढा वेळ फुकट गेला.”

“हो.”

तिने लेकीला कडेवर घेतलं, उसवलेली पिशवी आणि तिच्यातलं सामान कोटाच्या खिशात आणि काखेत कोंबलं आणि ती निघाली. खारू खांद्यावरून पिशवीकडे हात करून रडत होती.

त्यानंतरचे दिवस शिवणआजींना घर खायला उठलं. नवऱ्याला लेकीने फोनवर चांगलंच फैलावर घेतलं होतं. तो दोन्ही वेळचा चहा स्वतः करून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि नजर चुकवायचा. एकदा म्हणाला, की तुझी लाज झाकायला गेलो. माझी लाज मला झाकता येत होती, असं त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या हातचा चहा तसाच थंड होऊ दिला. फोन वाजला की त्या हातातलं काम टाकून उठायच्या. पण तो दर वेळी दुसऱ्याच कुणाचा असायचा. मशीनवर त्यांनी चादर टाकून ठेवली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दार वाजलं. खारूची आई उभी होती, मागे खारू. हातात ती पिवळी पिशवी, लोंबत्या दोऱ्यांसकट.

“हीच पाहिजे म्हणते,” ती म्हणाली. “दुसरी दिली तर फेकून देते.”

शिवणआजी बाजूला झाल्या. तुम्ही बसा, मी बघते, असं काहीबाही त्या बोलल्या.

“त्या दिवशी फोनवर मला तू म्हणालात,” ती चपला काढत म्हणाली. “तसंच म्हणा. मला या तुम्ही-तुम्हीचा कंटाळा आलाय.”

खारू आजोबांना बाहेर ओढून घेऊन गेली. मशीनवरची चादर निघाली. शिवणआजींनी जाड सुई बसवली, या वेळी थर थोडे कातरून कमी केले आणि बंद जोडावर ठेवला. मशीनच्या पेडलवर पाय ठेवला खरा, पण तो दाबवेना.

खारूची आई खुर्ची ओढून शेजारी बसली. तिने बंदाचं दुसरं टोक वजन येणार नाही असं धरलं आणि मशीनचं चाक दाखवून म्हणाली, “हाताने फिरवा. मी बघतेय.”

त्यांनी चाक फिरवलं. सुई आत गेली, वर आली. पुन्हा गेली. जोड संपेपर्यंत एकेक टाका दोघी बघत होत्या. शेवटी शिवणआजींनी स्क्रू सैल करून सुई काढली आणि खारूच्या आईच्या तळहातावर ठेवली. तिने ती खिडकीच्या उजेडात धरली, टोकावर बोट टेकवून पाहिलं.

“आहे,” ती म्हणाली आणि दोरा तोडायला कात्री मागितली.