नाकसाहेबांचा ग्लास

मी एक ग्लास आहे. पाण्याचा नव्हे, सरबताचाही नव्हे. खाली गोल पाय, त्यावर बोटभर दांडी, वर फुगीर पोट आणि तोंडाशी जरा आत वळलेला. पोट फुगीर असलं की आतली बिअर गोल फिरवता येते आणि तोंड आवळलेलं असलं की वास आतच कोंडून राहतो. थोडक्यात, प्यायला मी अडचणीचा आणि हुंगायला सोयीचा.

जन्म भट्टीतला. एका कारागिराने नळीतून फुंकर मारली आणि मला पोट आलं. जन्मापासून कुणाचा तरी श्वास पोटात घेऊन आलो, म्हणून की काय, पुढे आयुष्यभर लोक माझ्यात नाक खुपसत राहिले.

दुकानात माझ्या मालकांनी मला उचललं, तेव्हा त्यांनी आधी फळीवरच्या सगळ्या ग्लासांत एकेकदा नाक घातलं होतं. विकणारी मुलगी घाबरली. म्हणाली, "आत काही आहे का?"

"काही नाही. तेच बघतोय," ते म्हणाले, आणि मला घेऊन घरी आले.

त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. अत्तराच्या कारखान्यात त्यांची नोकरी झाली होती, तीही हुंगण्याचीच. निवृत्त झाल्यावर माणसं बाग करतात, नातवंडं सांभाळतात. हे बिअरचे परीक्षक झाले. छोट्या छोट्या भट्ट्यांवर लोक हौसेने बिअर गाळायला लागले होते, तिच्या स्पर्धा व्हायच्या, आणि चॉकलेटच्या स्टाउटचा विभाग आला की नाकसाहेबांशिवाय पान हलत नसे. स्टाउट म्हणजे भाजलेल्या धान्याची काळीभोर, दाट बिअर. तिच्यात कोको घालून मुरवली की ती चॉकलेट स्टाउट. नाकसाहेब मला मऊ फडक्यात गुंडाळून स्पर्धेला नेत. दुसऱ्या ग्लासाला हात लावत नसत. मलाही त्याचा थोडा माज होता, आता लपवून काय करू?

त्यांचं नाक खरंच तयारीचं होतं. "कोको चांगला आहे, पण भाजताना घाई केली," असं ते म्हणत आणि समोरचा गाळणारा खाली बघत असे. बोलणं कमी, नेमकं आणि बरंचसं न आवडणारं. घरीही तसंच. जेवायला बसले की पहिला घास घ्यायच्या आधी ताटावर वाकत आणि म्हणत, "कांदा जरा पुढे गेला." बाई, म्हणजे त्यांची बायको, काही बोलत नसत. फक्त डाव जरा जोरात ठेवत.

मग एका हिवाळ्यात नाकसाहेबांना ताप आला. आठवड्याने उतरला. अशक्तपणा गेला, खोकला गेला आणि जाताना वासही गेला.

हे त्यांना कळलं ते माझ्यापाशीच. बरे झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेने एक बाटली उघडली, मला निम्मं भरलं, फिरवलं आणि नाक आत घातलं. बाहेर काढलं. पुन्हा घातलं. फेस नाकाच्या शेंड्याला लागला तरी बाहेर येईनात. मग ते मला हातात धरून तसेच बसून राहिले. आतली स्टाउट त्यांनी प्यायली नाही, बेसिनमध्ये ओतून दिली आणि मला धुऊन जागेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, येईलही परत, नाहीही येणार. घरी येऊन नाकसाहेब म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे."

आणि परीक्षण चालूच ठेवलं.

आता गंमत ऐका. नाक होतं तोवर त्यांना एक आदरणीय परीक्षक म्हणत; नाक गेल्यावर ते थोर झाले. कारण पूर्वी जेवढा वास येई तेवढंच ते बोलत. आता आडकाठीच राहिली नाही. "जुन्या पेटीत ठेवलेल्या चॉकलेटची शांतता," असं ते एकदा म्हणाले. त्या पेटीचा नि त्या बिअरचा काय संबंध, ते मलाही कळलं नाही, आणि बिअर तर माझ्याच पोटात होती. पण सभागृहात लोकांनी माना डोलावल्या. शेजारचे परीक्षक आधी काय म्हणतात ते कान देऊन ऐकायचं, त्यांच्या मधोमध कुठेतरी उभं राहायचं आणि वरून एक सुंदर वाक्य घालायचं. आमंत्रणं वाढली. काही गाळणारे तर म्हणायला लागले, "नाकसाहेब आता किती मवाळ झालेत!"

घरातली तऱ्हा निराळी. त्यांची लेक तिथेच राहायची. आधी बँकेत होती, ती नोकरी सोडून तिने घरामागच्या गॅरेजमध्ये स्वतःची छोटी भट्टी टाकली होती. स्टीलची उंच भांडी, नळ्या, पोती, सगळा पसारा. तिला चॉकलेट स्टाउटच करायची होती. का, ते तिने कधी सांगितलं नाही, पण बापासमोर ग्लास ठेवताना तिचा चेहरा मी खालून पाहिला आहे. तिला विचारायची गरज नव्हती.

तिची पहिली तयार स्टाउट माझ्यातच ओतली गेली. मला तेव्हाच शंका आली. चांगल्या स्टाउटचा फेस माझ्या अंगाला चिकटून हळूहळू उतरतो. हा कसा तरी फसफसला आणि नाहीसा झाला. आणि वास! कोकोची पिशवी तिने गॅरेजमधल्या फळीवर कपड्यांच्या साबणाच्या वड्यांशेजारी महिनाभर ठेवली होती. कोको शेजाऱ्याचा वास पटकन उचलतो. आतली स्टाउट चॉकलेटची आणि वास धोबीघाटाचा. लेकीला तो कळत नव्हता, कारण त्या गॅरेजमध्ये दिवसचे दिवस काढून तिचं नाक त्याला सरावलं होतं.

"बाबा, कशी आहे? खरं सांगा हं. तुमच्यासारखं सांगा."

नाकसाहेबांनी मला फिरवलं. नाक घातलं. घोट घेतला. जिभेला कडू कळलं, मागून गोडी कळली, दाटपणा कळला. बाकी अंधार. त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि सुंदर वाक्य काही सुचेना.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले. "फार स्वच्छ झाली आहे."

"खरंच?"

"याला आता हात लावू नकोस."

लेक नाचायचीच बाकी राहिली. दुसऱ्याच दिवशी दोन पिंपं गाडीत घालून ती कोपऱ्यावरच्या बारवाल्याकडे घेऊन गेली. बारवाला तिला ओळखत होता आणि नाकसाहेबांना मानत होता. त्याने घोट घेतला, थांबला, आणखी एक घेतला, आणि सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारलं, "ताई, ही प्यायची की यात पडदे भिजवायचे?"

हे मी पाहिलं नाही. घरी येऊन ती जे बोलली त्यातून कळलं. शोकेसमध्ये असलो तरी तिचं बोलणं मला ऐकू येत होतं. बहुतेक शेजाऱ्यांनाही आलं असेल.

"साबणाचा वास येत होता बाबा! साबणाचा! परक्या माणसाला एका घोटात कळलं आणि तुम्हाला नाही कळलं?"

नाकसाहेब खाली बघत राहिले.

"लोकांच्या बिअरला तुम्ही सरळ तोंडावर नावं ठेवत आलात. माझ्या वेळी गोड बोलून मोकळे झालात. एवढी कीव आली का माझी?"

आता तरी खरं सांगतील असं मला वाटलं. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण म्हणाले काय, तर "तुझं मन मोडवेना." लेकीला खोटं बोलणारा बाप चालेल, पण वास न येणारा नाकसाहेब चालणार नाही, असा त्यांनी हिशेब केला असावा. हुशार माणसं हिशेबात चुकतात तेव्हा मोठी चुकतात.

लेकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गॅरेजला कुलूप लागलं. भांडी विकायची आहेत म्हणून ती फोनवर कुणाकुणाशी बोलायला लागली, आणि बँकेत परत जागा आहे का, तेही विचारायला लागली. जेवताना तिघं बसत आणि फक्त चमचे बोलत.

अशातच वर्षातली मोठी स्पर्धा आली. विभाग अर्थातच चॉकलेट स्टाउटचा. टेबलाशी तिघे परीक्षक: आमचे नाकसाहेब, हॉटेलच्या कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक आणि खाण्यापिण्यावर सदर लिहिणाऱ्या एक लेखिका. संयोजक बाई कडक होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "यंदा आधी प्रत्येकाने आपापलं लिहायचं. मग वाचायचं. बोलाबोली नाही."

माझी दांडी नाकसाहेबांच्या बोटांत होती. ती बोटं एकदम गार पडली. दुसऱ्यांचं ऐकून मधोमध उभं राहायची सोयच गेली.

पहिला नमुना आला. नाकसाहेबांनी नाक घातलं, बराच वेळ ठेवलं, तेवढंच हातात होतं. मग लिहिलं.

वाचन सुरू झालं. प्राध्यापक: "गडद चॉकलेट, भरपूर, ठसठशीत." लेखिका: "लहानपणी पुस्तकात जपून ठेवलेल्या चॉकलेटच्या चांदीची आठवण." नाकसाहेब: "चॉकलेट आहे, पण लाजरं."

संयोजक बाईंनी हाताची घडी घातली. "हा नमुना स्पर्धेतला नाही. ही मी घरी गाळलेली साधी स्टाउट आहे. यात चॉकलेटचा कणही नाही."

अशी शांतता पसरली की माझ्यातला फेस बसताना ऐकू आला असता.

प्राध्यापक सावरले. "भाजलेल्या धान्याला मुळातच तो वास असतो. मी त्याबद्दल म्हणत होतो."

लेखिका म्हणाल्या, "मी आठवण म्हटलं. चॉकलेट आहे असं कुठे म्हटलं?"

मग सगळे नाकसाहेबांकडे वळले. आणि नेमकं तेव्हाच सभागृहाचं दार उघडून लेक आत आली. आईने तिला बळेच पाठवलं होतं, बाबांना गाडीतून घेऊन ये म्हणून. गाडीची किल्ली हातात घेऊन ती दाराशीच भिंतीला टेकून उभी राहिली.

नाकसाहेबांनी तिला पाहिलं. मला खाली ठेवलं.

"मला काहीच वास आला नाही," ते म्हणाले. "मला वास येतच नाही. गेल्या हिवाळ्यापासून. समोर काय ठेवलंय हे मला कळत नाही. कुणाचंच कळलेलं नाही."

मग प्राध्यापक खळखळून हसले. लेखिकांनी टाळ्या वाजवल्या. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं.

"काय माणूस आहे!" संयोजक बाईंचा आवाज भरून आला होता. "शेजारी बसलेल्या दोघांची चूक स्वतःच्या अंगावर घेतली! आणि लिहिलंय काय, तर 'लाजरं'. लाजरं म्हणजे नाहीच की! किती सभ्यपणे सांगितलं!"

"अहो, मी खरं बोलतोय," नाकसाहेब कळवळून म्हणाले.

"आम्हाला कळलंय, साहेब," प्राध्यापक त्यांचा हात दाबत म्हणाले. टाळ्या आणखी वाढल्या.

त्या सगळ्या गर्दीत टाळी न वाजवणारं एकच माणूस होतं. लेक तरातरा टेबलापाशी आली, बापाच्या खांद्यावर कोट घातला, मला फडक्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "चला बाबा. घरी."

गाडी रस्त्याला लागली. मग तिने विचारलं, "अजिबात येत नाही?"

"अजिबात नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू म्हणालीस, तुमच्यासारखं सांगा. माझ्यासारखं सांगायला मी उरलोच नव्हतो गं."

तिने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मग हसायला लागली. "स्वच्छ!" ती म्हणाली. "साबणाच्या बिअरला म्हणे, फार स्वच्छ!" नाकसाहेबही हसले. मी फडक्यात, नाकसाहेबांच्या मांडीवर होतो, पण दोघांचं हसणं मला जाणवत होतं.

घरी आल्यावर त्यांनी बाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. बाई शेंगा सोलत होत्या, त्यांनी हात थांबवला नाही.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही तापातून उठलात तेव्हापासून. भाजी करपली होती, तुम्ही दोनदा मागून घेतलीत. मग एकदा मुद्दाम करपवून पाहिली. तेव्हाही म्हणालात, छान झालीय."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरात कुणी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत नव्हतं." शेंगांचं टोपलं बाजूला सारून त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "गॅस मात्र रोज दोनदा बघून झोपत होते."

भांडी विकली गेली नाहीत. साबणाच्या वड्या घरात आल्या, कोको झाकणाच्या डब्यात गेला, आणि बापलेक एकत्र गाळायला लागले. जीभ त्यांची, नाक तिचं. "कडू जास्त झालंय, दाटपणा बरोबर आहे," असं ते सांगत, आणि वासाचं ती सांगत असे. पुढची स्टाउट बारवाल्याकडे गेली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ही बरी आहे. आणखी आण." तो कौतुकाला फार कंजूष आहे, हे तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं.

नाकसाहेबांनी परीक्षण सोडलं. पण जग काही सोडेना. ते नाही म्हणतात म्हणजे त्यांना हल्लीची बिअर पसंत नाही, असा बोभाटा झाला आणि आमंत्रणं दुपटीने यायला लागली. एका छापील पत्रकात त्यांना म्हणे 'कठोर मौनाचे परीक्षक' म्हटलंय.

माझं काय झालं, तेही सांगतो. परवा धुताना नळाला आपटलो आणि तोंडाला टवका उडाला. ओठ कापेल म्हणून लेकीने नवा ग्लास आणला. मला फेकायला निघाली तर बाई म्हणाल्या, "राहू दे, ब्रश ठेवायला बरा आहे." तेव्हापासून मी न्हाणीघरात, आरशाखालच्या फळीवर उभा आहे. ज्या तोंडात मोठमोठ्या स्टाउट फिरल्या, त्यात आता तीन ब्रश आणि एक पिळून चपटी झालेली पेस्टची नळी. तक्रार नाही. रोज सकाळी तिघांची तोंडं बघायला मिळतात, तीही जग बघायच्या आधीची.

इथली खिडकी गॅरेजच्या बाजूला उघडते. आज सकाळी नवी स्टाउट पहिल्यांदा ओतल्याचा आवाज आला. नव्या ग्लासात. मग नाकसाहेब म्हणाले, "सांग, कसा येतोय?"

लेक म्हणाली, "थांबा हं. आधी कोको. घाईने भाजलेला नाही. मग मागून थोडा धूर..."

"हळू," ते म्हणाले. "हळू सांग. मी डोळे मिटलेत."

ती अगदी सावकाश सांगत होती. खिडकी उघडी ठेवत जा, एवढंच माझं मागणं आहे.