टेकडीवरची शांतता

नेडीन सोबचाकची गाडी दारात उभी राहिली की मिलबर्न गावातले भलेभले हॉटेलवाले झाडू शोधायला धावायचे. ती काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासणारी सरकारी इन्स्पेक्टर. फ्रिजच्या मागे टॉर्च मारणार, सुपात थर्मामीटर बुडवणार, आणि कुठे उंदराची एक लेंडी जरी दिसली तरी मालक सख्खा मावसभाऊ का असेना, टाळं ठोकणार. एकदा खरंच ठोकलं होतं. तो मावसभाऊ अजून चर्चमध्ये तिच्याकडे पाठ करून बसतो.

आणि या वाघिणीचं मांजर करून ठेवणारी अख्ख्या गावात एकच बाई होती. तिची आई, मिला.

मिलाबाईंनी ऐंशी कधीच ओलांडली होती, पण तोंडाचा पट्टा विशीतला. सकाळी कॉफीचा पहिला घोट घेतला की सुरू. "ही कॉफी आहे की कुणाचे मोजे धुतलेलं पाणी? लोकांच्या पातेल्यांत नाक खुपसतेस, स्वतःच्या घरात काय शिजतंय ते बघ की जरा!" मग बटाटे सोलता सोलता चर्चची गाणी, तीही आजोळच्या स्लोव्हाक भाषेत आणि इतक्या वरच्या पट्टीत की शेजारचा कुत्रा सूर धरायचा. नेडीन कधी कधी कामावरून आल्यावर गाडीतच बसून राहायची. घरात शिरायच्या आधी दोन घटका कान थंड राहावेत म्हणून. कुणाला सांगितलं नाही तिने हे कधी.

तर ही मिलाबाई ऑक्टोबरात तळघराच्या पायऱ्यांवरून घसरली आणि कमरेचं हाड मोडून घेतलं. ऑपरेशन झालं, बरंही झालं, पण पाय काही धड टेकेना. हॉस्पिटलने नेडीनला सांगितलं, शुक्रवारी सोडतोय, कुठे न्यायचं ते ठरवा. घरात न्हाणीघर वरच्या मजल्यावर, नेडीन दिवसभर बाहेर. गावात जागा एकच, टेकडीवरचं नर्सिंग होम. म्हातारी माणसं एकदा जातात ती तिथेच राहतात, ते. सगळे त्याला नुसतं 'टेकडी' म्हणतात.

"जाते मी टेकडीवर," मिलाबाई खाटेवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. "पण आधी तू जाऊन तपास. त्या दळभद्री हॉटेलांना तपासतेस ना, तशी. तू चांगलं म्हणालीस तरच जाईन. आणि तिथे माझं काही बरंवाईट झालं ना नेडीन, तर वरून तुझ्या नावाने बोंब मारीन बघ."

"मारशीलच तू. खालून मारतेस ते काय कमी आहे?" नेडीन म्हणाली. पण आईचा हात तिने सोडला नाही.

ती न कळवता गेली. अगदी जेवणाच्या तोंडावर, कारण स्वयंपाकघराचं सोंग त्याच वेळी उघडं पडतं. दारात कोरीन बेट्स नावाची बाई आली, तिथली व्यवस्थापक. मऊ स्वेटर, मऊ आवाज, सगळंच मऊ. नेडीनला वाटलं होतं, ही आता बैठकीच्या खोलीत कॉफी पाजून वाटेला लावणार. तर कोरीन म्हणाली, "या ना मॅडम, कुठलंही दार उघडून बघा. आम्हाला लपवायला काय आहे?"

आणि खरंच काही नव्हतं. कुठे लघवीचा वास नाही, फिनेलचाही नाही. भिंतीला धरायला दांडे, ते हलवून पाहिले, पक्के. न्हाणीघरातलं पाणी कोमट, पोळणारं नाही. बाहेरच्या दाराला आडवा दांडा होता, तो नेडीनने मुद्दाम दाबला. भोंगा असा कोकलला की तिचेच कान बसले.

"कोड घातल्याशिवाय उघडत नाही," भोंगा बंद करत कोरीन म्हणाली. "नाहीतर आमची मंडळी थेट रस्त्यावर."

"आणि आग लागली तर?"

"दांडा दाबून धरायचा. थोडा वेळ कोकलतं आणि मग आपलं आपण उघडतं."

"नियमच आहे तो," नेडीन म्हणाली. मनातल्या मनात तिने पैकीच्या पैकी मार्क दिले.

बैठकीच्या खोलीत मंडळी खिडकीकडे तोंड करून चाकांच्या खुर्च्यांत बसली होती. बाहेर पक्ष्यांसाठी दाणे टांगले होते. एवढा भोंगा वाजला, पण एकजणही दचकला नाही. सवय झाली असेल, नेडीनला वाटलं. भांडण नाही, कुरकुर नाही, टीव्हीसुद्धा हळू. हाताची घडी, तोंडावर बोट म्हणावं असा वर्ग. देवा, काय ही शांतता! नेडीनने डोळे मिटून ती क्षणभर अंगावर घेतली. कडेला लाल टोपीतले एक आजोबा मान टाकून झोपले होते. हातात चमचा तसाच.

"जेवण झालं की लागतोच हो डोळा," कोरीनने त्यांच्या हातातून चमचा हळूच काढून घेतला.

जेवण तर अजून वाढायचंय, असं नेडीनच्या मनात आलं. आलं आणि गेलं. तिला स्वयंपाकघर गाठायचं होतं ना!

ते स्वयंपाकघर पाहून तिला भरून आलं. गंमत नाही, खरंच. गरम ते गरम, गार ते गार. कट्टा असा की त्यावर पोळी लाटावी. ताटांत गाजर, वाटाणे आणि मांस, सगळं मऊ दळून त्याचे गोल गोळे ठेवलेले, नारिंगी, हिरवा, तपकिरी. जवळजवळ प्रत्येक ताटात तेच. घशात अडकून माणसं गुदमरतात ती याच वयात, ती काळजी घेतलेली. धुवून निथळत ठेवलेल्या जाळीत नुसते चमचे. काटा नाही, सुरी नाही.

"काटे-सुऱ्या कुठे ठेवता?" तिने विचारलं.

"इथे कुणाला लागतात त्या?" स्वयंपाकी हसला.

नेडीनही हसली. धार नाही, टोक नाही. किती विचार केलाय या लोकांनी! तीस वर्षं स्वयंपाकघरं पालथी घातलेली बाई ती. चमच्यांच्या त्या जाळीसमोर उभी राहिली, कौतुकाने मान डोलावली आणि बाहेर पडली.

जाता जाता ती कोरीनला म्हणाली, "सांभाळून हं. माझी आई आली की तुमची ही शांतता मोडलीच समजा. तिचं तोंड एक मिनिट थांबत नाही."

"येतील हळूहळू वळणावर," कोरीन म्हणाली. "सगळे येतात."

शुक्रवारी नेडीनने आईला सांगितलं, "मी तपासलंय. लखलखीत आहे." मिलाबाईंनी मान हलवली. लेकीच्या शब्दावर विश्वास ठेवून त्या टेकडीवर गेल्या, आणि पहिल्याच संध्याकाळी कॉफीवरून भांडल्या. दुसऱ्या दिवशी नेडीन भेटायला गेली तर त्यांचं गाणं पार फाटकापर्यंत ऐकू येत होतं. "गाईचं तोंड वाटलं का यांना माझं? चोथा खायला घालतात मेले! माझ्याकरता पिरोगी घेऊन ये. आणि कणीक पातळ लाट, तुझ्यासारखी नको."

कोरीनने नेडीनला बाजूला घेतलं. "दोन आठवडे येऊ नका. तुम्हाला पाहिलं की त्यांना घर आठवतं. रुळू द्या जरा."

आणि नेडीन गेली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. घर शांत, कॉफी आपल्या मनासारखी, कुणी नावं ठेवणारं नाही. फोन केला की कोरीन सांगायची, छान आहेत, शांत आहेत. त्या 'शांत'वर नेडीनचा जीव भांड्यात पडायचा.

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, तिने पिरोगी केल्या. बटाटा आणि चीज भरलेल्या, उकडून लोण्यात कांद्यावर परतलेल्या. कणीक मुद्दाम थोडी जाड ठेवली. आई ओरडेल म्हणूनच. तिचं तिलाच हसू आलं. चुकल्याचुकल्यासारखं होत होतं तिला ओरडा खाल्ल्याशिवाय.

बैठकीच्या खोलीत ती आईला शोधत राहिली. पाठमोऱ्या खुर्च्यांच्या त्या रांगेत आई ओळखूच येईना. अखेर स्वेटरवरून ओळखली. मिलाबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. हनुवटीवर नारिंगी ओघळ वाळलेला. हातात चमचा.

"आई? अगं, पिरोगी आणल्यात. कणीक जाड झालीय बरं का."

मिलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणजे डोळे तिच्या दिशेला वळले एवढंच. नेडीनने एक तुकडा त्यांच्या तोंडाजवळ नेला. त्यांनी तोंड उघडलं, मुकाट्याने. तुकडा जिभेवर तसाच राहिला. चावणं नाही, गिळणं नाही. मग लोणी ओठाच्या कोपऱ्यातून खाली उतरलं. नेडीनने घाईघाईने बोट घालून तुकडा बाहेर काढला.

मागून मऊ आवाज आला. "बघा, किती छान रुळल्या."

"काय देताय तुम्ही तिला?"

"डॉक्टरांनी थोडं शांत राहायचं औषध दिलंय. फार आरडाओरडा करायच्या हो, बाकीच्यांना त्रास. तुम्हीच म्हणाला होतात ना, तोंड थांबत नाही म्हणून?" कोरीनने पिरोगीचा डबा अलगद तिच्या हातातून घेतला. "आणि असलं चावायचं आणू नका. गुंगीत घास अडकतो त्यांना. म्हणून तर आपण सगळं दळून देतो."

नेडीनने खोलीभर नजर फिरवली. प्रत्येकाच्या हातात किंवा मांडीवर चमचा. ती चमच्यांची जाळी, ते रंगीत गोळे, ती जवळजवळ सगळी ताटं तिच्या डोळ्यांसमोर आली. तिने बघितलं होतं सगळं. तिच्याच खात्यातलं, तिच्याच नाकासमोर! गावभर उंदराच्या लेंड्या शोधणारी ही शहाणी, आणि इथे पैकीच्या पैकी देऊन आईला स्वतःच्या हाताने आणून सोडलं. का? तर शांतता मिळाली म्हणून.

"मी नेतेय तिला," ती म्हणाली. "हॉस्पिटलमध्ये. आत्ता."

"डॉक्टर उद्या येतील, त्यांची परवानगी घेऊ." कोरीनचा आवाज जराही चढला नाही. "असं नाही नेता येत मॅडम. तुम्ही दमलायत. बसा, मी कॉफी आणते."

नेडीनने आपला कोट काढून आईच्या अंगावर टाकला आणि खुर्ची ढकलायला सुरुवात केली. दाराशी एक मध्यमवयीन गृहस्थ टोपी हातात घेऊन उभे होते. जागा बघायला आले असणार. आपल्या वडिलांसाठी किंवा आणखी कुणासाठी. नेडीनसारखेच भिंतीचे दांडे हलवून बघत होते. "किती शांत आहे हो इथे," ते कोरीनला कौतुकाने म्हणाले.

"कोड सांगा," नेडीन म्हणाली.

कोरीन नुसती हसली.

तेव्हा नेडीनने दोन्ही हातांनी दाराचा दांडा दाबला आणि धरून ठेवला. भोंगा कोकलायला लागला. भिंती हादरत होत्या, खिडकीबाहेरचे पक्षी भर्रकन उडाले, तरी तिने दांडा सोडला नाही. आणि आईच्या आवाजात, आईच्या त्या वरच्या पट्टीत ती त्या गृहस्थांवर ओरडली, "शांत काय म्हणता? अहो, मागे बघा! त्यांच्याकडे बघा!"

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. खुर्च्यांची अख्खी रांग खिडकीकडे तोंड करून बसली होती. एवढ्या कोलाहलात एकही मान वळली नव्हती. लाल टोपीवाल्या आजोबांच्या हातातला चमचा गळून पडला. तोही कुणी पाहिला नाही. गृहस्थांचा चेहरा पांढरा पडला. कोरीन पुढे सरसावली, तसे ते मध्ये येऊन उभे राहिले. तिथून हलले नाहीत.

दार उघडलं.

बाहेर गार वारा होता. त्या गृहस्थांच्याच मदतीने तिने आईला गाडीत बसवलं आणि पट्टा लावला. मिलाबाईंची मान खिडकीकडे कलली. नेडीन उतारावरून गाडी हाणत होती आणि तोंडाने अखंड बोलत होती. "आई, ऐकतेस का? तुझी कॉफी ना, गटाराच्या पाण्यासारखी असायची. आणि तुझं गाणं! पाद्रीबुवा कानात कापूस घालायचे, ठाऊक आहे तुला?" तिने एका हाताने आईची कलणारी मान सरळ केली. "आणि तुझ्या पिरोगीची कणीक आई, चपलेच्या तळव्यासारखी. जाड. गावात सगळ्यात जाड."

एवढं कुणी म्हटलं असतं तर मिलाबाईंनी एरवी लाटणं फेकून मारलं असतं.

पुलापाशी सिग्नल लाल झाला. नेडीनने वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ किंचित उघडे होते. हलले का? की गाडीचा धक्का होता तो? "शिव्या घाल मला," ती म्हणाली. "आई गं, एक शिवी घाल."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या. नेडीन आईच्या ओठांकडे बघत तशीच बसून होती.