जिभेचा शेंडा

नवाबनं डावातले दोन थेंब जिभेच्या शेंड्यावर घेतले, लगेच बाजूला थुंकले आणि जाहीर केलं, "अळणी हाय."

"असू दे," बिल्किस म्हणाली आणि मिठाचा डबा ओढून त्याच्यावरच बसली.

चाकणच्या मशिदीमागं सकाळपासून चुलीवर मोठी देग चढली होती. सत्ताविसाव्या रोज्याचा खिचडा. गहू, डाळी आणि मटण घोटघोटून एकजीव करायचं. हा खिचडा आधी बिल्किसचा नवरा अजीज रांधायचा. तो गेल्यावर डाव बिल्किसनं हातात घेतला, आणि नाकं मुरडणाऱ्यांनीच पुढं वाडगी चाटूनपुसून साफ केली. यंदा मात्र आळीभर एकच बोलवा होती, भटारणीची जीभ गेली. धाकटा दीर नवाब पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागला होता. तो आज रजा टाकून आला होता, तो डाव घ्यायलाच.

जीभ गेली नव्हती. बिघडले होते कान. उजवा लहानपणापासून वाहायचा. डाव्याचं हाड सडलं, म्हणून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ते कापून काढलं. जखम भरली, पण चहातली साखर नाहीशी झाली. डॉक्टर भला माणूस. त्यानं तिच्या हातात आरसा दिला आणि जीभ बाहेर काढायला सांगितली.

"मधली रेघ दिसते? आईच्या पोटात पुढची जीभ दोन उंचवटे जुळून तयार होते. मागची वेगळ्याच जागेतून येते आणि तिला चिकटते. म्हणून नसाही वेगवेगळ्या. हलवणारी निराळी, चटका कळवणारी निराळी. पुढच्या भागाची चव कळवणारी नस कानातून जाते, बाई. तुमच्या एका कानातली रोगानं खाल्ली, दुसऱ्यातली आम्हाला वाचवता आली नाही. मागची मात्र शाबूत आहे."

"म्हंजी गिळलं तर कळंल?"

"गिळताना कळेल."

हसावं की रडावं, तिला कळेना. एरवी चाललं असतं. पण रमजानात रोजा धरलेल्या भटाऱ्याला सवलत ती एवढीच, थेंब शेंड्यावर घ्यायचा आणि थुंकायचा. मागं गेला की रोजा मोडला. अल्लानं तिची जीभ ठेवली, ती नेमकी नको त्या टोकाला.

"भाभी, हट्ट करू नगं," नवाब म्हणाला. "अख्खा गाव जेवनार हाय. मी चाखतो, तू घोट."

"पातळ हाय तवर अळणीच लागनार. आटलं की मीठ वर येतं. तुझ्या भावानं शिकीवलंय मला."

सोपानराव गव्हाचं रिकामं पोतं न्यायला आले होते. गहू त्यांच्याच शेतातला, नुकताच निघालेला. ते हळूच म्हणाले, "मला कुठं रोजा हाय? मी बघू का चाखून?"

"दुसऱ्याच्या जिभंवर रांधायचं, तर डावबी त्यालाच द्यावा, अण्णा. माझा हात अजून हाय."

नवाब तणतणत ओट्यावर जाऊन बसला. बिल्किस मिठावरून उठली नाही. बसल्या बसल्या घोटत राहिली.

मगरिबची अजान झाली. खजुरानं रोजे सुटले आणि वाडगी भरली. बिल्किस पडद्यामागून बघत होती. पहिला घास गेला, दुसरा गेला. हात नेहमीपेक्षा सावकाश चालले होते.

तिनं आपला घास घेतला. पुढं नुसतं मऊ आणि ऊन लागलं. मग घास मागं सरकला. मटण आलं, तूप आलं, डाळ आली. मीठ आलं ते शेवटी, तेही पाहुण्यासारखं, आलं न आलं असं.

गहू यंदा फार पाणी प्यायला होता. तिनं दुपारभर पाणी वाढवलं आणि मीठ ठेवलं सवयीनं नेहमीइतकंच. जिभेचा शेंडा शाबूत असता, तर त्यानं हे तिला केव्हाच सांगितलं असतं.

तिला लाज वाटली. मग त्या लाजेचाच राग आला. तिनं डबा उचलला, पडदा बाजूला सारला आणि थेट पुरुषांच्या पंगतीत जाऊन तो मधोमध ठेवला.

"मीठ कमी पडलंय. नवाब खरं बोलत हुता. पायजे त्यानं घ्या."

लालमहंमदचाचा पंगतीत सगळ्यांत वडील. त्यांनी घसा साफ केला. "मग बेटी, पुढल्या साली..."

"पुढल्या साली बी मीच रांधनार, चाचा. पानी वाढीवलं की मीठ वाढवायचं, एवढं आता शिकले. जीभ अर्धी हाय, मी अर्धी न्हाई."

चाचांनी मान खाली घातली. पहिला हात डब्यात गेला तो नवाबचा. त्यानं चिमूट वाडग्यात टाकली, कालवली, खाल्ली. मग सगळ्यांदेखत रिकामं वाडगं पुढं केलं.

"भाभी, अजून वाढ."

डावानं तळ खरवडेपर्यंत ती वाढत राहिली. सगळे उठून गेल्यावर ती देगीपाशी टेकली. डब्याच्या तळाशी उरलेली चिमूट तिनं जिभेच्या शेंड्यावर ठेवली, तोंड मिटलं, आणि ती विरघळत मागं येईपर्यंत वाट बघत बसली.