भाजीच्या सुरीने उघडणारा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. मान फिरवताना कुरकुरतो, पण वारा अजून भरपूर देतो.

माझा आराखडा काढला तो या घरच्या बाबांनी. ते पंख्यांच्या कारखान्यात कामाला होते. त्यांचा एक नेम होता. नव्या पंख्याचा पहिला नग घरी आणायचा आणि आईंनी तो भाजीच्या सुरीने उघडून, पुसून परत जोडायचा. जमलं तरच आराखडा पक्का. माझ्या वेळी आईंच्या नाकी नऊ आले.

"पंखा आहे की तिजोरी?" त्या म्हणाल्या. बाबांनी मुकाट्याने माझे स्क्रू तळातून पाठीवर आणले.

दर उन्हाळ्याआधी आई मला वर्तमानपत्रावर घ्यायच्या आणि तेलाचे दोन थेंब सोडायच्या. लेक शेजारी बसून स्क्रू वाटीत ठेवायची. काय लाड होते माझे! बाबा गेले त्या वर्षीही आईंनी तेल चुकवलं नाही.

पुढे लेक त्याच कारखान्यात आराखडे काढू लागली. तिने स्वतःचा नवा पंखा घरी आणला. देखणा, गुळगुळीत, एकही स्क्रू नाही. माझी रवानगी माळ्यावर झाली. खोटं कशाला बोलू, मी त्याच्यावर फार जळलो.

दोन उन्हाळ्यांत त्याने मान टाकली. आईंनी सुरी चहूबाजूंनी फिरवली, पण कुठे फटच नव्हती.

"अगं आई, तो चिकटवलेला असतो. बिघडला की टाकायचा."

"टाकायचा कुठे?"

पुढच्या आठवड्यात असेच पन्नास हजार पंखे लेकीच्या सहीने कारखान्यात बनणार होते.

आईंनी मला खाली काढायला लावलं. त्यांना आता नीट दिसत नाही, पण बोटांनी त्यांनी माझे चारही स्क्रू शोधले आणि सुरीने काढले. झाकणाच्या आत बाबांचं अक्षर होतं. लेकीने वाचलं, "लाल तार डावीकडे. चुकलं तर घाबरू नकोस."

"पाठ आहे मला ते," आई म्हणाल्या. लेकीला रडू आवरेना.

तिने सही केली नाही. साहेब संतापले, पण ती हटली नाही. चार महिन्यांनी तिने नव्या पंख्याचा पहिला नग आईंपुढे ठेवला आणि शेजारी सुरी. आई बराच वेळ चाचपडत राहिल्या. माझा तर जीव टांगणीला लागला. शेवटी झाकण निघालं.

"आत काही लिहिलंय का गं?"

"लाल तार डावीकडे," लेकीने वाचलं. पुढचं आईंनीच पूर्ण केलं.

मित्रांनो, काही विकत घ्याल तेव्हा ते उघडता येतं का, तेवढं आधी बघा. आणि वर्षातून दोन थेंब तेल द्या. आम्हाला तेवढं पुरतं.