एका हाताचा चौक

खलाशी न्यायला जीप शनिवारी येणार होती, आणि त्याआधी कंपनीचं उत्तर आलं नाही तर तुक्या वेरावळच्या बोटीवर जाणार होता. गेल्या हंगामात जाळ्याचा दोर सुटून त्याच्या छातीवर बसला होता. अजून कुशीवर वळला की तो कण्हायचा. पण बोटीच्या तांडेलाला खलाशी हवे होते आणि भात लावून झाल्यावर रानशेतला दुसरं काम नव्हतं.

तुक्याच्या बायकोला, संगिताला, त्याला थांबवायला एकच गोष्ट सापडली होती, तिचं चित्र. तिचा दीर दीपेश डहाणूला फोटो स्टुडिओत कामाला होता. त्यानेच चित्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या वेबसाइटवर संगिताच्या नावाचं पान उघडून दिलं होतं. गेरूच्या कापडावर तांदळाच्या पिठाने लिहिलेला लग्नाचा चौक त्याने तिथे टाकला आणि बंगळुरूच्या एका हॉटेलवालीला तो इतका आवडला की तिने प्रत्येक खोलीसाठी एकेक मागितला. वर्षभराचं काम! तुक्यासुद्धा म्हणाला, "हे जमला तर मी नाय जात." त्या दिवशी संगिताने किती दिवसांनी पोटभर भात खाल्ला.

मग कंपनीचा निरोप आला. काम मोठं आहे, तेव्हा चित्र अस्सल असल्याची खात्री हवी. पानावर जिचं नाव आहे, तिने स्वतः, एकटीने, तोच चौक काढतानाचा व्हिडिओ पाठवावा.

आता या शहाण्यांना कोण सांगणार, की चौक एकटीने लिहीतच नाहीत? लग्नघरी सवाशिणी मिळून भिंतीपुढे बसतात. एक चौकट धरते, एक झाडं घालते, जिचा हात घोड्यावर बसलाय ती घोडा काढते. कोणाचं काय, हे कोणी विचारत नाही आणि खाली नावही घालत नाही. बंगळुरूला आवडलेल्या त्या कापडावर घोडा दीपेशच्या बायकोचा, जाऊ भारतीचा होता, झाडं म्हाताऱ्या लाडकीआयची, आणि संगिताची फक्त चौकट आणि नाचणारी माणसं. पान उघडताना दीपेशला एकच नाव घालता आलं. त्याने थोरल्या वहिनीचं घातलं, आणि त्यात काही चुकलं असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही.

"खरं लिहून टाकू का?" दीपेशने विचारलं.

"नको. तिघी म्हटला तर कारखाना समजतील. मी काढते एकटी."

सकाळी भारती नेहमीसारखी लिहायची काडी ठेचून, पीठ कालवून दारात आली. मागे काठी टेकत लाडकीआय. संगिता उंबऱ्यातच उभी राहिली.

"आज नको बाय. आज मी एकटी बसते."

भारती हसली. तिला गंमत वाटली. मग आत आपल्या नवऱ्याला, दीपेशला, फोन धरून बसलेलं पाहिलं आणि तिचं हसू गेलं. पिठाची वाटी तिने उंबऱ्यावर ठेवली. "घे. पातळ नाय केला, तुला लागते तसाच हाय." लाडकीआय काठी टेकत माघारी वळली. संगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण डोळ्यांपुढे तुक्याची छाती होती.

चौकट झकास उतरली. नाचणारेही रांगेत आले. झाडाला हात घातला आणि फांद्या खराट्यासारख्या ताठ झाल्या. घोड्याची मान तर बसेचना. एवढी वर्षं भारतीच्या शेजारी बसून तिने तो घोडा पाहिला होता, काढला एकदाही नव्हता. काढायची वेळच कधी आली नव्हती. दीपेश फोन धरून होता, पण नजर त्याने दुसरीकडे वळवली होती.

शुक्रवारी उत्तर आलं. दीपेशने ते दोनदा मनात वाचलं आणि मगच सांगितलं. व्हिडिओतला हात आणि फोटोतल्या चित्राचा हात एक नाही. मूळ चित्र या बाईंचं नाही. पान बंद करण्यात येत आहे.

"लिही त्यांना!" संगिता किंचाळली. "तिघींची नावं लिही! आम्ही तिघी येतो म्हणावं, त्यांच्या दारात बसून लिहितो!"

त्याने लिहिलं. तिने ते पुन्हा लिहायला लावलं. रात्र गेली, फोन मुकाच.

शनिवारी जीप आली. तुक्याने पिशवी भरली आणि भिंतीशी पडलेलं संगिताचं ते कापड उलगडलं. बघून त्याला हसूच आलं. हसताना बरगडी दुखली तशी त्याने छातीवर हात दाबून धरला.

"ह्या घोड्याला काय झाला? भारतीला का नाय बोलावली?"

व्हिडिओत एकटीच हवी, हे तिने त्याला सांगितलंच नव्हतं. भारतीला वगळायचं म्हटलं तर तो आडवा आला असता.

त्याने कापडाची घडी घातली आणि पिशवीत कोंबली. "हा मी नेतो. छातीला बांधीन, तिथं वारा लय." मग जरा थांबून म्हणाला, "हा तुझ्या एकटीचा ना?"

तिने मान हलवली. जीप निघाली तशी ती रस्त्याच्या मोरीपर्यंत मागे धावली, थांब म्हणाली, नको जाऊ म्हणाली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागे पळत आलेल्या भारतीने तिला धरलं नसतं तर ती रस्त्यातच बसली असती.