पाटी मागच्या बाजूला

रकाना १ : अर्जदाराचे रुग्णाशी नाते

मुलगी. आई आज चार वाजता रुग्णालयातून सुटणार आहे. आत्ता दीड वाजलाय. तिची व्हीलचेअर रुग्णांना उपकरणं वापरायला देणाऱ्या संस्थेच्या या गोदामात आहे, कारण तीन आठवड्यांपूर्वी दादाने ती दान केली. पलंग, वॉकर, व्हीलचेअर, सगळं. तेव्हा आई व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस. दादाने तेवढीही कळ काढली नाही.

तेव्हापासून मी रुग्णालयातच राहत होते, मला हे आज सकाळी कळलं. आईची खोली झाडायला गेले, तर भिंतींना नवा रंग.

रकाना २ : हवे असलेले उपकरण

तीच खुर्ची. खुर्चीच्या डाव्या हाताला उशीच्या अभ्र्याची पट्टी गुंडाळलेली. मी गुंडाळली होती.

खिडकीतल्या बाईंनी वर न बघता सांगितलं, "दिलेली वस्तू परत मिळत नाही."

"परत नको. वापरायला द्या."

"यादीत अकरा जण आहेत."

"दात्याच्या घरच्यांना आधी, असं तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

बाईंनी भिंतीकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू भिंतीनेच चहाडी केली असावी. "मग दात्याला आणा. सातवा रकाना त्यानेच भरायचा. स्वतःच्या हाताने."

"पलंग?"

"पलंग गेला. खुर्ची राहिली, ती पाटीमुळे. पाटी कालच बसली."

"कसली पाटी?"

रकाना ३ ते ६

कोरे. या वेळात मी दादाला फोनवर जे बोलले त्याला रकाना नाही.

दादा अडीचला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात ऑफिसची बॅग.

"ओरडायची गरज होती का? मी मीटिंगमध्ये होतो."

"आईही मीटिंगमध्येच होती. यमाबरोबर. तू निकाल लागायच्या आधीच पेढे वाटलेस."

"मला त्या वस्तू बघवत नव्हत्या. तुला नाही कळायचं."

"मला का कळेल? मी फक्त तिला त्यांच्यावर उचलून ठेवत होते. चार वर्षं."

"झालं का ताई?" खिडकीतून आवाज आला. "साहेब, सातवा रकाना."

रकाना ७ : गरज कशी निर्माण झाली (दात्याने स्वहस्ते भरावे)

दादाने लिहिलं : प्रकृतीत सुधारणा.

"कोणाच्या?" बाईंनी विचारलं.

"रुग्णाच्या."

"आमच्या वहीत रुग्ण वारलाय. तुम्हीच सांगितलंत. म्हणून तर पाटी."

"गैरसमज झाला होता, असं लिहू?"

"कोणाचा गैरसमज? आमचा नव्हता."

मागे रांगेत एक म्हातारे गृहस्थ कुबड्यांवर उभे होते. ते म्हणाले, "लिहा की हो साहेब. आई आहे म्हणून लिहायला एवढा वेळ?"

दादाचे कान लाल झाले. त्याने आधीचं खोडलं आणि लिहिलं : आई जिवंत आहे.

"सही," बाई म्हणाल्या. "तारीखही घाला. म्हणजे कोणत्या तारखेला जिवंत ते कळेल."

रकाना ८ : उपकरणाची अवस्था

चाकं ठीक. ब्रेक ठीक. पट्टी आहे तशी. पाठीमागे, दोन मुठींच्या मधोमध, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली पितळी पाटी :

आमच्या प्रिय आईच्या स्मरणार्थ
मुलगा व सून

"स्क्रू काढतो," दादा म्हणाला.

"पाटी संस्थेची आहे. हात लावलात तर खुर्ची इथेच राहील."

"मी नाही का यात?" मी विचारलं.

"तू वर्गणी कुठे दिलीस?" दादा म्हणाला.

रकाना ९ : कार्यालयीन उपयोगासाठी

इथे काही लिहू नये. तरी लिहिते.

चारला दहा कमी असताना आम्ही रुग्णालयाच्या मागच्या दारापाशी पोचलो. आयाने आईला स्ट्रेचरवर बसवून बाहेर आणलं. आई अर्धी झाली होती. डोळे मात्र तेवढेच. दादा खुर्चीच्या पाठीला चिकटून उभा, बॅग पाटीवर दाबून धरलेली.

"असा का उभा आहेस? उधळलेल्या बैलाला धरल्यासारखा?"

"काही नाही. बस ना आई."

"बॅग काढ."

"आई, नंतर..."

"तुझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापासून बघतेय मी. बॅग काढ."

त्याने काढली. आईने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं. आया उगाचच चादरीची घडी घालायला लागली.

"हिचं नाव नाही," आई माझ्याकडे बघून म्हणाली. "म्हणजे या घरात एकीने तरी मला मेलेली धरली नाही."

आम्ही तिला बसवलं. मी सवयीने मुठी धरल्या.

"तू सोड. ज्याने पाटी लावली तो ढकलेल. मला तोंड पुढे करून बसायचंय, पाटी मला कुठे दिसणार? ढकलणाऱ्याला दिसते."

"आई, मला ऑफिस..."

"रजा घे. मेले होते तेव्हा मिळालीच असेल ना?"

दादा ढकलायला लागला. दारापासून रस्त्यापर्यंत चढ आहे. चढाच्या मध्यावर आईने दोन्ही ब्रेक ओढले. खुर्ची जागच्या जागी थांबली आणि दादाचं पोट मुठींवर आपटलं.

"वाच."

"आई, लोक बघतायत."

"मोठ्याने. मला ऐकू कमी येतं आता."

मागून रुग्णवाहिका आली आणि भोंगा वाजवायला लागली. दादा वाचत नव्हता. आई ब्रेक सोडत नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पट्टीची सुटलेली गाठ बांधत होते.